ड्रॉप हँडलच्या टूरिंग सायकलवर शिफ्टर कुठे बसवावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिफ्टर बसवायच्या जागा तरी किती आहेत?

शिफ्टर म्हणजे गिअर बदलायचा लिव्हर, ड्रॉप हँडल म्हणजे टोकं खाली वळलेलं हँडल. रूढ जागा पाच: डाउनट्यूब (हँडलकडून पेडलकडे उतरणारी फ्रेमची तिरपी नळी), हँडलची टोकं म्हणजे बारएंड, ब्रेक लिव्हरच्या आत (शिमानोचे एसटीआय, काँपाग्नोलोचे एर्गो, स्रॅमचे डबलटॅप), हँडलचा वरचा आडवा भाग आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा). यांच्याशिवाय ब्रेक लिव्हरच्या पुढ्यात किंवा शेजारी शिफ्टर धरणारे काही जोड मिळतात. गिअर हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) असेल तर हिशोबच निराळा, त्याचं उत्तर खाली वेगळं आहे.

सुरुवात कुठून करायची? हात कुठे असतात त्यावरून?

तिथूनच बहुतेक जण सुरुवात करतात आणि अर्ध्या वाटेत अडकतात. आधी ब्रेक बघा, मग मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा), आणि हाताच्या सोयीचा विचार त्यानंतर.

ब्रेक आधी का? व्ही-ब्रेकला (दोन लांब बाहूंनी रिम दाबणारा ब्रेक) जितकी वायर ओढावी लागते तितकी रोडचे एसटीआय लिव्हर ओढत नाहीत. लिव्हर हँडलला टेकतो तरी ब्रेक पुरता लागलेला नसतो. मधे खेच वाढवणारी कप्पी घालता येते, पण तिथे वायर तीव्र वळणातून जाते आणि लवकर तुटते. एमटीबी (माउंटन बाइक) खेचीच्या, म्हणजे जास्त वायर ओढावी लागणाऱ्या यांत्रिक डिस्कचंही तेच. अशा सायकलवर टेक्ट्रो आरएल५२० सारखे जास्त वायर ओढणारे ड्रॉप लिव्हर लावायचे आणि शिफ्टर दुसरीकडे न्यायचे. एसटीआयचा प्रश्न तिथेच मिटतो. ब्रेक कॅंटिलिव्हर, कॅलिपर किंवा रोड खेचीचे डिस्क असतील तर सगळे पर्याय खुले राहतात.

फ्रिक्शन आणि इंडेक्स यांत फरक काय? टूरिंगवाले फ्रिक्शनला इतके धरून का असतात?

इंडेक्स शिफ्टरमध्ये ठरावीक अंतरावर खाचा असतात. एक ‘टक’ म्हणजे ठरलेली वायर, म्हणजे एक गिअर. फ्रिक्शनमध्ये खाचा नाहीत. वॉशर आवळून लिव्हर जागेवर धरलेला असतो आणि चेन दात्यावर (म्हणजे मागच्या दातेरी चाकावर) नीट बसली की नाही हे कानाने आणि पायाने कळतं. हात बसायला दोन-तीन दिवस लागतात.

धरून असण्याचं कारण दुरुस्तीचं आहे. सायकल उजव्या बाजूला पडली आणि डिरेलर हँगर (डिरेलर जिथे लटकतो तो फ्रेमचा कान) थोडा वाकला, तर इंडेक्सिंग बिघडतं: मधले दोन गिअर खडखडतात, एखादा लागतच नाही. फ्रिक्शनवर मात्र तुम्ही लिव्हर केसभर पुढे-मागे करून तोच गिअर लावता आणि मुक्काम गाठता. दुसरं, वाटेत मिळालं ते चाक आणि असेल त्या गिअरसंख्येची कॅसेट (मागच्या दात्यांचा संच) फ्रिक्शनवर चालून जाते. चेन तेवढी जुळणारी हवी. शिमानोच्या ९ गिअरच्या बारएंड आणि डाउनट्यूब संचात उजव्या, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या लिव्हरला दोन्ही सोयी आहेत. निवडीची कडी फिरवली की इंडेक्सचा फ्रिक्शन होतो. रोज इंडेक्स वापरा, अडचणीत फ्रिक्शन. लांबच्या सफरीसाठी आमचा कल याच जोडीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

डाउनट्यूब शिफ्टर अजून कोण लावतं? हात सोडावा लागतो ना?

लागतो. पॅनियर (चाकाच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या) भरलेले असताना चढावर एक हात सोडून खाली वाकणं सगळ्यांना जमत नाही, आणि पुढच्या चाकावरही सामान असेल तर हँडल लगेच डोलतं. पण यात आउटर केसिंग (वायरवरचं बाहेरचं आवरण) फक्त मागच्या डिरेलरपाशी एक छोटा तुकडा असतं, बाकी वायर उघडी. घर्षण कमी, बिघाड कमी, शिफ्ट स्वच्छ. सपाट आणि लांबलचक रस्ता, गिअर क्वचित बदलायचे, अशा सायकलिंगला हे उत्तम.

बसवायला फ्रेमवर चौकोनी बूड असलेले बॉस (आटे असलेले छोटे उंचवटे) लागतात. त्यांत एम५ चा बोल्ट जातो आणि चौकोनामुळे शिफ्टरचा तळ फिरत नाही. बॉस नसतील तर पट्ट्याचा क्लॅम्प येतो, पण तो २८.६ मिमीच्या स्टील नळीसाठी. जाड नळीसाठी ३१.८ चा शोधावा लागतो. ॲल्युमिनियमच्या फुगीर, लंबगोल नळीवर क्लॅम्पचा नाद सोडा. आवळला तर नळी चेपते, नाही आवळला तर वायरच्या ओढीने क्लॅम्प घसरतो.

बारएंड शिफ्टर नीट बसवायचे कसे?

१. हँडलच्या टोकाचं बूच काढा, आतला चिकटा पुसून घ्या. बारएंडची नळी हँडलची लांबी वाढवते, म्हणून खालचे दांडे आधीच लांब असतील तर प्रत्येकी २ ते ३ सेमी कापलेले बरे. कापल्यावर आतली धार कानशीने घासा. कार्बन हँडल असेल तर त्याच्या उत्पादकाने बारएंडला परवानगी दिली आहे का ते बघा. आतून फाकणारी पाचर कार्बनला सोसतेच असं नाही.

२. लिव्हर सोडवून फक्त नळी आत सरकवा. वायरचं भोक खालच्या बाजूला आणि लिव्हरची हालचाल उभ्या रेषेत येईल अशी फिरवून घ्या.

३. आतला बोल्ट ६ मिमीच्या ॲलन कीने आवळा. इथे फसगत ठरलेली. शिमानोच्या नळीत हा बोल्ट उलटा आहे: घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवला की घट्ट होतो. सवयीने सुलटा फिरवत राहिलात तर पाचर सुटते, नळी हातात गोल फिरत राहते आणि माणूस समजतो की आटे गेले.

४. वायर लिव्हरच्या डोक्यातून ओवून घ्या, नळीच्या भोकातून बाहेर काढा, मग लिव्हर जागेवर बसवून त्याचा बोल्ट आवळा. आधी लिव्हर बसवून मग वायर ओवायला गेलात तर वायरचं टोक आत भलतीकडे जातं आणि त्याची काडं उसवतात.

५. आउटर ४ मिमीचं, गिअरचंच घ्या. काटकोनात कापा आणि आतली प्लॅस्टिकची नळी टोच्याने उघडून घ्या. दाबल्यामुळे ती चपटी झालेली असते, आणि नव्या केबलवरही शिफ्ट जड लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

६. बार टेप गुंडाळण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. कुठेही आउटर ताणलं जात नाही याची खात्री झाली की मगच जादा लांबी कापा.

टेपचं टोक खोचायला इथे बूच नसतं. म्हणून पहिला वेढा नळीच्या कडेला लागून दुहेरी घ्या आणि तिथे चिकटपट्टी नीट ताणून लावा, नाहीतर आठवड्याभरात टेप सुटून लोंबायला लागते.

केबल टेपखालून किती अंतर न्यायची?

दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत: खालच्या दांड्याला लागून थोडं अंतर जाऊन आउटर बाहेर काढायचं आणि मोठ्या कमानीने डाउनट्यूबच्या स्टॉपपर्यंत (आउटर जिथे संपतं तो ठोकळा) न्यायचं. वळण सौम्य असतं, शिफ्ट हलकं पडतं. पण ती कमान गुडघ्यात अडकते, कुंपणात अडकते आणि सायकल भिंतीला टेकवताना हटकून अडकते.

दुसरी पद्धत: टेपखालून थेट वर स्टेमजवळ न्यायचं, ब्रेकच्या केबलच्या जोडीने. दिसायला नीटस, पण वळणं वाढतात आणि हँडलबार बॅग लावली की आउटर तिच्यामागे दबतं. बॅग लावणार असाल तर ती लावूनच लांबी ठरवा. आउटर टेपखाली तीन-चार ठिकाणी इलेक्ट्रिकल टेपने बांधा, म्हणजे गुंडाळताना ते हलणार नाही.

वायर डाउनट्यूबखालून उघडी जात असेल तर उजव्या शिफ्टरचं आउटर डाव्या स्टॉपला आणि डाव्याचं उजव्याला जोडता येतं. दोन्ही वायर नळीखाली एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. हे बघून चुकलंय असं वाटतं, पण तिथे त्या जेमतेम घासतात; उलट हेडट्यूबजवळची वळणं मोठी होतात आणि रंग खरवडला जात नाही. हो, स्टॉप डाउनट्यूबच्या त्याच बॉसवर बसतात जिथे एरवी शिफ्टर असते. ते बॅरल ॲडजस्टर (फिरवून वायरचा ताण बदलणारी नळी) असलेलेच घ्या.

टूरिंग सायकलची मागची बाजू लांब असते. साधी २ मीटरची वायर बारएंडपासून मागच्या डिरेलरपर्यंत कधीकधी जेमतेम पोचते किंवा पुरतच नाही. विकत घेण्याआधी मार्गावर सुतळी लावून मोजा.

गुडघा बारएंडला लागतो. चूक काय?

बहुधा फ्रेम लहान आहे किंवा दांडे लांब आहेत. बारएंडमध्ये लिव्हर खाली दाबला की वायर ओढली जाते. म्हणजे हलक्या गिअरवर उजवा लिव्हर खाली लोंबत असतो, आणि नेमका त्याच वेळी तुम्ही चढावर उभे राहून पेडल मारत असता. गुडघ्याने लिव्हर वर ढकलला की चेन धाडकन लहान दात्यावर उतरते. दांडे कापणं हा पहिला उपाय, हँडल थोडं फिरवून टोकं खाली करणं हा दुसरा. दोन्ही करून लागतच असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही.

सायकल पडल्यावर आधी आपटतो तोही बारएंडच. सुदैवाने तो मजबूत असतो. खोक्यातून सायकल पाठवताना मात्र लिव्हर सोडवून टेपने दांड्याला बांधा.

एसटीआय टूरिंगला चालतात की नाही?

चालतात, आणि गर्दीत किंवा चढउतारांच्या रस्त्यावर त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. ब्रेकवरचा हात न हलवता गिअर बदलतो. शिमानोने ही पद्धत १९९० मध्ये ड्युरा-एस या आपल्या वरच्या दर्जाच्या रोड संचावर आणली. तेव्हापासून रोड सायकलीवर तीच रूढ झाली.

त्रास कुठे होतो ते बघा. जुन्या संचांत शिफ्टची केबल लिव्हरच्या बाजूने बाहेर येते आणि हँडलबार बॅगवर दाबली जाते. टेपखालून केबल नेणारे नंतरचे संच यातून सुटले. पण त्यांत वायरला लिव्हरच्या आत तीव्र वळण मिळतं आणि ती डोक्याजवळ उसवते. एकेक काड तुटत जातं, शिफ्ट आधी आळशी होतं, आणि तुटलेली टोकं यंत्रणेत अडकली की डोकं बाहेर काढणं म्हणजे डोकेदुखी. तेव्हा इंडेक्सिंग वारंवार जुळवावं लागतंय असं दिसलं की ॲडजस्टर फिरवत बसू नका, वायर बदला. लांब सफरीआधी नवी वायर घालणं सगळ्यात स्वस्त विमा.

जुने लिव्हर ‘मेले’ असं वाटतं तेव्हा अनेकदा आतलं ग्रीस चिकट होऊन खटका पकडत नसतो. हलकं तेल सोडून चाळीस-पन्नास वेळा खटके मारले की बरेचसे जिवंत होतात. आतले भाग मोडले तर मात्र शिमानोचा लिव्हर उघडून दुरुस्त करण्यासारखा नाही. काँपाग्नोलोचा एर्गो उघडता येतो, सुटे भाग मिळाले तर.

एक जुगाड लक्षात ठेवा: फ्रेमवर डाउनट्यूब बॉस असतील तर एक सुटा फ्रिक्शन लिव्हर सामानात टाका. एसटीआय बंद पडला की उजवीकडचा केबल स्टॉप काढायचा, तिथे लिव्हर बसवायचा, नवी वायर थेट खाली सोडायची. दहा मिनिटांत सायकल चालू.

माझ्याकडे एमटीबीचा मागचा डिरेलर आहे. रोडचा शिफ्टर चालेल?

९ गिअरपर्यंत, शिमानोचं असेल तर, हो. १० पासून नाही. कारण आकड्यांत आहे.

शिमानोच्या ८ गिअरच्या शिफ्टरमध्ये प्रत्येक खटक्याला साधारण २.८ मिमी वायर ओढली जाते, ९ मध्ये २.५, १० च्या रोडमध्ये २.३. डिरेलर त्याच्या १.७ पट सरकतो. २.५ गुणिले १.७ म्हणजे ४.२५, आणि ९ च्या कॅसेटमध्ये दोन दात्यांचं अंतर ४.३५ च्या आसपास, जमलं. या काळातले रोड आणि एमटीबी डिरेलर एकाच गुणोत्तराचे, म्हणून अदलाबदल होते. १० गिअरच्या एमटीबीत, म्हणजे डायना-सिसमध्ये, खेच ३.४ झाली आणि गुणोत्तर १.२. ११ गिअरच्या रोडमध्ये खेच २.७ आणि गुणोत्तर १.४. यांतला एकाचा शिफ्टर दुसऱ्याच्या डिरेलरवर लावला तर दोन-तीन गिअर लागल्यासारखे होतात आणि मग सगळं घसरतं. शिमानोचा टियाग्रा ४७०० हा रोड संच दहा गिअरचा असूनही नव्या खेचीचा आहे, तिथे पुष्कळ जण फसतात. जुना ८ गिअरचा ड्युरा-एसही स्वतःच्याच गुणोत्तराचा होता.

म्हणून रुंद कॅसेट, ९ गिअरचा एमटीबी डिरेलर आणि ९ गिअरचे बारएंड ही जोडी टूरिंगमध्ये इतकी टिकून आहे. डायना-सिस डिरेलर हातात असेलच तर मायक्रोशिफ्टचे त्याच्यासाठीचे बारएंड बघा.

मग फ्रिक्शन लिव्हर कुठल्याही डिरेलरवर चालतो, बरोबर?

जवळपास. खाचा नसल्या तरी लिव्हरला एकूण वायर पुरेशी ओढता आली पाहिजे. ९ गिअरला आठ खटके, म्हणजे २० मिमी. ११ च्या रोडला दहा खटके, २७ मिमी. डायना-सिसला नऊ खटके, ३० मिमीच्या वर. लहान कप्पीचा जुना डाउनट्यूब लिव्हर पहिलं काम सहज करतो, शेवटच्यात मात्र मोठ्या दात्यापर्यंत पोचायच्या आधीच अडतो.

आणि पुढचा डिरेलर?

एमटीबीच्या पुढच्या डिरेलरला रोडपेक्षा जास्त वायर लागते, त्यामुळे डाव्या एसटीआयशी त्याचं जुळत नाही. बारएंड आणि डाउनट्यूब शिफ्टरमध्ये डावा लिव्हर बहुधा फ्रिक्शनचाच असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही. शिवाय चेन डिरेलरच्या पिंजऱ्याला घासायला लागली की केसभर सरकवून आवाज बंद करता येतो. तीन चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चाकांच्या) सायकलवर ही सोय फार मोलाची.

थंब शिफ्टर ड्रॉप हँडलवर बसतील का?

सरळ बसत नाहीत. थंब शिफ्टरचा क्लॅम्प २२.२ मिमीचा, ड्रॉप हँडलची नळी २३.८. फाकवून बसवायच्या भानगडीत पडू नका, क्लॅम्पला चीर जाते. पॉल कंपनीचे थंबीज नावाचे जोड २६.० आणि ३१.८ मिमीतही येतात. त्यांवर बारएंडचेच लिव्हर चढवायचे. पण हे माप फक्त स्टेमजवळच्या फुगीर भागाचं, म्हणून जागा तिथेच. हात बहुतेक वेळ वरच्या आडव्या दांड्यावर असणाऱ्यांना ते आवडतात. मात्र ब्रेक दूर राहतात, आणि दिवा, बॅगचा कंस, मोबाइलचा स्टँड सगळे त्याच चार इंचांसाठी भांडतात.

ब्रेक लिव्हरवर बसणारे जोड?

गेव्हनालचे शिफ्टर ब्रेक लिव्हरच्या पुढच्या अंगाला बसतात. केली टेक-ऑफ नावाचे जुने कंस डाउनट्यूब लिव्हर ब्रेकशेजारी धरायचे. हात ब्रेकवर ठेवून उघडी, साधी यंत्रणा हवी असेल त्याच्यासाठी कल्पना चांगली. पडल्यावर मात्र पहिला मार यांनाच.

स्टेमवरचे शिफ्टर?

जुन्या सायकलवर असतील तर चालू द्या, नव्याने बसवू नका. उभं राहून पेडल मारताना गुडघे तिथेच येतात, आणि जोरात ब्रेक लागून पुढे फेकले गेलात तर कुठे लागेल ते सांगायला नको.

रोलॉफ हब असेल तर?

रोलॉफच्या स्पीडहबमध्ये १४ गिअर हबच्या आतच असतात; त्याला दोन वायर आणि फिरवायची मूठ असते, तीही २२.२ मिमीच्या नळीसाठी. ड्रॉप हँडलवर ती चढत नाही, वाकड्या भागावरून तर सरकतही नाही. तीन मार्ग आहेत: स्टेमजवळ २२.२ ची छोटी जादा नळी, हँडलच्या टोकाला पुढे काढलेला जोड, किंवा मधोमध सुटं होणारं हँडल. खटके हबच्याच आत असल्याने मूठ कुठेही गेली तरी इंडेक्सिंग बिघडत नाही. स्रॅमच्या डबलटॅप लिव्हरने हब चालवणारा गेब्लाचा रोबॉक्स नावाचा जोडही आहे.

इलेक्ट्रॉनिक?

बटणं हवी तिथे लावता येतात, हा मोठा फायदा. बाकी चार्जिंगची सोय ज्याची त्याने बघावी.

फ्रिक्शन लिव्हर आपोआप सरकतो आणि चेन उतरते. काय करू?

डिरेलरची स्प्रिंग लिव्हरला मागे ओढते आहे. लिव्हरच्या बोल्टची डी आकाराची कडी चिमूटभर आवळा. तरी सरकत असेल तर लिव्हर उघडून वॉशर पुसा. कुणीतरी प्रेमाने तेल घातलेलं असतं. इतकं आवळावं लागतंय की अंगठा दुखतो, तर दोष वायरमध्ये आहे, गंजलेलं आउटर बदला. सनटूरच्या जुन्या रॅचेटवाल्या लिव्हरमध्ये हा त्रास कमी, कारण ओढताना दाते मदत करतात.

ब्रेकची आउटर गिअरला किंवा गिअरची ब्रेकला चालेल?

ब्रेकची गिअरला लावली तर ती दाबली जाते आणि इंडेक्सिंग जुळत नाही. गिअरची ब्रेकला कधीच नाही. तिच्यातल्या तारा लांबीच्या दिशेने असतात, जोरात ब्रेक दाबल्यावर त्या फाकून आउटर फुटू शकतं आणि ब्रेक जातो.

वाटेत मागची वायरच तुटली आणि दुसरी नाही, तर?

चेन सगळ्यात लहान दात्यावर जाऊन बसते, म्हणजे सगळ्यात जड गिअर. डिरेलरचा एच लिहिलेला स्क्रू आत आवळत न्या. चेन एक-दोन दाते वर चढते आणि तिथेच राहते. त्याहून हलका गिअर हवा असेल तर हाताने डिरेलर आत ढकलून चेन हव्या त्या दात्यावर आणा, उरलेली वायर ताणून बाटलीच्या स्टँडच्या बोल्टखाली आवळा. पुढची चेनरिंग बदलता येतेच, तेव्हा दोन किंवा तीन गिअर अजून हातात आहेत. स्क्रू किती वळसे फिरवला ते मोजून ठेवा. नवी वायर घातल्यावर तितकाच उलटा फिरवावा लागतो.